आधी मोजा, मग भाग बदला

मागील खेपेस या सदरात आम्ही घरच्या पाण्याच्या मोटारीविषयी लिहिले होते. त्यावर वाचकांनी विचारणा केली की, पाण्याच्या मोटारीवर लिहिता, मग दारात उभ्या असलेल्या मोटारगाडीवर का लिहीत नाही? प्रश्न रास्त आहे. आज आपल्या वस्तीत आणि गावात सात-आठ माणसे बसतील अशी मोठी गाडी बाळगणारी घरे पुष्कळ आहेत. कोणी कर्ज काढून नवी घेतली, कोणी दोघा-तिघा भावांनी पैसे घालून जुनी घेतली. १९९४ साली पुण्याच्या कारखान्यातून टाटा सुमो आली. २००० साली महिंद्राची बोलेरो आणि २००२ साली स्कॉर्पिओ नाशिकहून आली. सुमोचे उत्पादन २०१९ साली थांबले, तरी खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर ती अजून धावताना दिसते. वऱ्हाड न्यायचे असो, बाळंतिणीला रात्री तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचवायचे असो की मुलांना परीक्षेच्या केंद्रावर सोडायचे असो, साऱ्या घराची भिस्त या गाडीवर असते.

अशी गाडी ऐन वेळी सुरू झाली नाही की घरात धावपळ उडते. टायर पंक्चर झाला तर दिसतो, ऑईल गळले तर जमिनीवर डाग पडतो; पण वीज डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे गॅरेजवाला जे सांगेल ते आपण मुकाट्याने मान्य करतो. "बॅटरी गेली" म्हटले की बॅटरी, "सेल्फ गेला" म्हटले की सेल्फ. प्रत्येक वेळी मिस्त्री फसवतोच असे नाही. पुष्कळदा तो अंदाज करीत असतो. पण त्याच्या अंदाजाचे बिल आपण भरत असतो. म्हणून आजच्या लेखात आम्हांला एकच गोष्ट सांगायची आहे : वीज दिसत नसली तरी मोजता येते. न मोजता कोणताही भाग बदलू देऊ नका.

विजेची वाट

गाडीतील विजेची वाट प्रथम समजून घेऊ. बॅटरीच्या धन टोकापासून जाड केबल सेल्फपर्यंत, म्हणजे स्टार्टरच्या मोटारीपर्यंत जाते. सेल्फ इंजिनाला घट्ट बसवलेला असतो. वीज सेल्फ फिरवते, इंजिनाच्या लोखंडातून जाते, तेथून एका जाड पट्टीने चासीला व बॉडीला पोहोचते आणि बॅटरीच्या ऋण टोकाला परत येते. या पट्टीला आपण अर्थ किंवा अर्थिंग म्हणतो. डिझेलच्या मोठ्या गाडीत सेल्फ फिरताना दोनशे-तीनशे अँपिअर वीज या वाटेने धावते. जाताना जेवढी गेली तेवढीच परत आली पाहिजे. परतीची वाट गंजली तर बॅटरी कितीही ताजी असली तरी सेल्फ मरगळतो.

या सेल्फचे मोलही जाणून घ्यावे. पूर्वी गाडीच्या पुढे उभे राहून लोखंडी हँडल जोराने फिरवावे लागे. हँडल उलटे फिरले की मनगट मोडत असे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने विजेवर चालणारा सेल्फ तयार केला आणि १९१२ साली तो कॅडिलॅक गाडीत बसू लागला. हँडल मारण्याची ताकद हवी, ही अट त्यामुळे गळून पडली आणि स्त्रियांना गाडी चालविणे सोपे झाले. आज आपल्या मुली-सुना आत्मविश्वासाने गाडी चालवतात. पुढे दिलेली तपासणीही त्यांनी शिकून घ्यावी, असे आम्हांला मनापासून वाटते. त्यासाठी ताकद लागत नाही, लक्ष लागते.

चावी फिरवल्यावर काय होते?

गाडी सुरू होत नाही, एवढे म्हणणे पुरेसे नाही. डॉक्टरकडे जाऊन नुसते "बरे वाटत नाही" म्हणण्यासारखे ते आहे. सेल्फ फिरतच नाही, की सेल्फ फिरतो पण इंजिन पेटत नाही, की इंजिन पेटते पण चालता चालता बंद पडते? हे तीन निरनिराळे आजार आहेत.

सेल्फ फिरत नसेल तर दोघांनी मिळून एक साधी परीक्षा करावी. गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक वर. एकाने हेडलाइट लावून चावी फिरवावी, दुसऱ्याने समोर, जरा बाजूला उभे राहून दिवे पाहावेत. दिवे एकदम मंद झाले आणि टक-टक-टक असा आवाज आला, तर बहुधा बॅटरी उतरली आहे किंवा तिचे टर्मिनल सैल आहे. एकच मोठा 'टक्' आवाज आला आणि दिवे तेवढे मंदावले नाहीत, तर सेल्फचा सोलेनॉइड, कार्बन ब्रश किंवा जाड केबलचा जोड यांच्यावर संशय घ्यावा. काहीच आवाज नाही आणि दिवे जसेच्या तसे, तर वीज सेल्फपर्यंत जातच नाही. मग चावीचा स्विच, रिले, फ्यूज यांकडे पाहावे. नव्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ फिरत नाही आणि चावीतली चिप ओळखली नाही तर गाडी सुरू होत नाही. डॅशबोर्डवर चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत राहिले तर बॅटरी बदलून उपयोग नाही. दुसरी चावी लावून पाहावी.

यानंतर मीटर. मल्टिमीटर ही काही मोठी वस्तू नव्हे. विजेच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात साधा मिळतो आणि एका चुकीच्या दुरुस्तीच्या बिलापेक्षा फार स्वस्त पडतो. आकडे पुढीलप्रमाणे लक्षात ठेवावेत.

गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. १२.२ म्हणजे बॅटरी जवळपास अर्धी उतरली. १२ च्या खाली गेली तर आधी चार्ज करून मगच निकाल द्यावा. उतरलेली बॅटरी आणि खराब बॅटरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेल्फ फिरत असताना आकडा साडेनऊच्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसले तर अल्टरनेटर काम करतो आहे. काही नव्या गाड्यांत संगणक हा आकडा खाली-वर करतो, तेव्हा तेथे घाईने अनुमान काढू नये. आकडा १५ च्या वर जाऊ लागला तर अल्टरनेटर जादा चार्ज करीत आहे. बॅटरीचे पाणी आटते आणि बल्ब वारंवार जातात.

मीटरची सर्वांत उपयुक्त परीक्षा आणखी वेगळीच आहे आणि ती फार थोडे लोक करतात. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवावे, दुसरे इंजिनाच्या स्वच्छ, उघड्या लोखंडावर. आता दुसऱ्याने सेल्फ मारावा. अर्थ चांगला असेल तर ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत आकडा दिसेल. एक-दीड व्होल्ट दिसले, तर तेवढी वीज गंजलेल्या जोडातच खर्ची पडते आहे, असे खुशाल समजावे. ही परीक्षा करताना ओढणी, पदर, मफलर आवरून घ्यावे आणि हात पंख्यापासून व पट्ट्यापासून दूर ठेवावा.

एका घराची गोष्ट

आमच्या परिचयातील दोघा भावांनी मिळून एक जुनी डिझेल गाडी घेतली. एकाची नोकरी, दुसऱ्याचा लहानसा धंदा. सकाळी शाळेची मुले, सुटीच्या दिवशी भाडे आणि उरलेल्या वेळी घरचे काम, असा हिशेब मांडून हप्ते बसवले होते. पावसाळा लागला आणि सकाळी सेल्फ रडत रडत फिरू लागला. गॅरेजमध्ये सांगितले, बॅटरी गेली. नवी बॅटरी बसवली. चार दिवस गाडी चालली, कारण नव्या बॅटरीच्या जोरावर अडथळा झाकला गेला. पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मग सेल्फ उतरवून भरून घेतला. तेव्हाही काही दिवस बरे गेले. पुन्हा बिघडले तेव्हा अल्टरनेटर बदला असा सल्ला मिळाला. दरम्यान शाळेच्या मुलांच्या पालकांनी दुसरी गाडी लावली. भावाभावांत "तूच ही गाडी घ्यायला लावलीस" असे बोलणे सुरू झाले आणि घरातल्या बायकांनी एकमेकींशी बोलणे कमी केले.

अखेर एका वायरमनने कोणताही भाग न सोडता प्रथम मीटर लावला. इंजिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात सेल्फ मारताना दोन व्होल्टच्या वर आकडा आला. गाडीखाली जाऊन पाहिले, तर गिअरबॉक्स आणि चासी यांच्यामधली अर्थची पट्टी हिरवी पडून, तुटून चार तारांवर लोंबकळत होती. परतीची वीज क्लचच्या केबलमधून वाट काढीत होती आणि ती केबल तापत होती. नवी पट्टी टाकली, बसण्याची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, बोल्ट आवळून वर ग्रीस लावले. तासाभराचे काम! बॅटरी आणि सेल्फ यांवर घातलेला पैसा मात्र परत आला नाही आणि शाळेचे भाडेही हातचे गेले.

त्या गाडीच्या पुढे मध्यंतरी लिंबू-मिरचीही बांधली गेली होती. गाडीला कोणाची नजर लागत नाही, गंज लागतो. लिंबाने तो निघत नाही, पॉलिश पेपरने निघतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ती धुवावी, कोरडी करून टर्मिनल आवळावे आणि वर व्हॅसलीन लावावे. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. टर्मिनल सोडताना नेहमी ऋण टोक आधी सोडावे आणि बसवताना ते शेवटी बसवावे. म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही.

सेल्फ फिरतो, पण इंजिन पेटत नाही

येथे पेट्रोल आणि डिझेल यांच्या वाटा वेगळ्या होतात. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते. बॅटरीचे १२ व्होल्ट इग्निशन कॉइल वीस हजार आणि त्याहूनही अधिक व्होल्टपर्यंत चढवते, तेव्हा स्पार्क प्लगच्या टोकांमधील मिलिमीटरभर जागेत ठिणगी पडते. प्लग झिजला, कॉइलला तडा गेला किंवा त्यात ओल शिरली तर ठिणगी वाट चुकते. गाडी धक्के खात चालते, चढावर ओढत नाही, पेट्रोलचा वास येतो. इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागला तर गाडी तशीच दामटू नये. न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो आणि निकामी होतो. त्याची किंमत प्लगच्या कित्येक पट असते. चालू इंजिनाच्या प्लगची वायर हाताने उपटून पाहण्याची जुनी सवय सोडून द्यावी. एवढ्या व्होल्टेजचा झटका माणसाला आणि गाडीतल्या संगणकालाही बरा नव्हे.

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसतेच. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि डिझेल आपोआप पेटते. थंडीत ही उष्णता कमी पडू नये म्हणून हीटर प्लग असतात. चावी 'ऑन' केल्यावर वेटोळ्या तारेचे चिन्ह दिसते. ते विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारावा. जुन्या डिझेल गाड्यांत पंपावर एक लहानसा सोलेनॉइड असतो. त्याला वीज मिळाली तरच डिझेल पुढे जाते. त्याची बारीक वायर निसटली की सेल्फ जोमाने फिरतो, पण इंजिन पेटत नाही. पंप उतरवायला देण्याआधी या वायरवर १२ व्होल्ट येतात की नाही, एवढे पाहून घ्यावे.

चालता चालता बंद

हा बिघाड सर्वांत धोक्याचा. गाडी बंद पडताच स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकची मदतही दोन-तीन वेळा दाबल्यावर संपते. तापल्यावर बंद पडणारी आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होणारी गाडी असेल तर क्रँकशाफ्टचा सेन्सर तपासावा. खड्ड्यात आदळल्यावर बंद पडत असेल तर सैल टर्मिनल, रिले आणि चावीचा स्विच पाहावा.

चावीच्या स्विचची एक गोष्ट साऱ्या जगाने ऐकली. २०१० साली अमेरिकेत जॉर्जिया राज्यात एका तरुणीचा तिच्या लहान मोटारीत अपघाती मृत्यू झाला. गाडी मध्येच बंद पडते, ही तिची आधीपासून तक्रार होती. आई-वडिलांनी पिच्छा सोडला नाही. त्यांच्या वकिलाने नेमलेल्या अभियंत्याने तिच्या गाडीतला चावीचा स्विच आणि दुकानातून आणलेला नवा स्विच शेजारी शेजारी ठेवून तपासले. भागाचा क्रमांक एकच, पण आतील दांडी आणि स्प्रिंग वेगळी! जुना स्विच इतका हलका होता की धक्क्याने किंवा चाव्यांच्या वजनाने तो आपोआप बंद होई आणि मग एअरबॅगही उघडत नसे. २०१४ साली जनरल मोटर्स कंपनीने अशा सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या आणि कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. एका साध्या कुटुंबाने "मोजून दाखवा" असा आग्रह धरला, म्हणून हे उजेडात आले.

यातून घरासाठी घेण्याजोगा धडा सोपा आहे. गाडीच्या चावीला घराच्या, कपाटाच्या, दुकानाच्या चाव्यांचा जुडगा अडकवू नये. चावी एकटी असावी. आणि गाडी मध्येच बंद पडते, ही तक्रार बायकोने केली असो वा मुलाने, तिला हसण्यावारी नेऊ नये.

आगीला आमंत्रण

गाडी घेतली की हौसेने मोठे दिवे, ॲम्प्लिफायर, रंगीत पट्ट्या बसतात. येथे थोडे गणित करावे. मूळ हेडलाइटचा बल्ब ६० वॉटचा, म्हणजे तो ५ अँपिअर घेतो. त्या जागी १०० वॉटचा बसवला की साडेआठ अँपिअरच्या आसपास. वायर तीच राहते, पण तिच्यात निर्माण होणारी उष्णता पावणेतीन पट होते. मग फ्यूज जातो. मग कोणी शहाणा फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावतो. फ्यूज हा राखणदार आहे. त्याला मारले की वायरच फ्यूज होते आणि ती डॅशबोर्डच्या मागे, कापडाच्या आणि फोमच्या शेजारी जळते. फ्यूजचे रंग ठरलेले आहेत : १० अँपिअर तांबडा, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. गेलेल्या रंगाच्या जागी त्याच रंगाचा लावावा. तो पुन्हा गेला तर वायर कोठे घासते, उंदराने कोठे कुरतडली, ते शोधावे.

वायर सोलून, पीळ मारून, वर टेप गुंडाळलेला जोड गाडीत टिकत नाही. नवीन वस्तू बसवायची तर बॅटरीजवळ वेगळा फ्यूज आणि रिले टाकून बसवावी. चावी काढल्यावरही वीज पिणारी वस्तू असेल तर तिचाही हिशेब करावा. अर्धा अँपिअर म्हणजे दिवसाला १२ अँपिअर-तास. ६० अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत रिकामी.

जळका वास किंवा धूर आला तर गाडी कडेला घ्यावी, चावी बंद करावी आणि प्रथम माणसे बाहेर काढावीत. मागच्या दारांना लहान मुलांसाठीचे लॉक लावलेले असेल तर ती आतून उघडत नाहीत, बाहेरूनच उघडावी लागतात. हे घरातील प्रत्येकाला माहीत असले पाहिजे. बॉनेट सताड उघडू नये, हवा मिळून आग भडकते. दूर उभे राहून ११२ ला फोन करावा.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वीज घ्यायची झाल्यास क्रम असा : लाल वायर आधी आपल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला, काळी वायर चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि तिचे दुसरे टोक आपल्या इंजिनाच्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू ठिणगीने पेटतो, म्हणून शेवटचा जोड बॅटरीवर करायचा नाही. जवळ विडी-सिगारेट तर नकोच.

गॅरेजमध्ये काय विचारावे?

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ च्या गाड्या आल्या. त्यांत, आणि त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांत, स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्याला स्कॅनर जोडला की संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक दिसतो. पण क्रमांक म्हणजे निकाल नव्हे, ती फक्त साक्ष आहे. 'पी-०३०१' म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, एवढेच. कारण कॉइल असेल, प्लग असेल किंवा नुसता सैल कनेक्टर असेल. अशा वेळी पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरची कॉइल अदलाबदल करून पाहावी. बिघाडही दुसऱ्यावर गेला तर कॉइल दोषी. नाही गेला तर कॉइलचे पैसे वाचले.

म्हणून गॅरेजमध्ये नम्रपणे, पण ठामपणे चार गोष्टी विचाराव्यात. काय मोजले? किती आकडा आला? तो किती असायला हवा होता? आणि काढलेला जुना भाग परत मिळेल ना? जो कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही, उलट मीटर लावून दाखवतो, त्याला त्याची मजुरी पूर्ण द्यावी आणि त्याचा नंबर जपून ठेवावा. त्याने भाग विकला नसेल, पण ज्ञान वापरले आहे, आणि ज्ञानाची मजुरी देताना घासाघीस करू नये.

आपल्या तरुणांनाही आम्ही हेच सांगू. भाग बदलणारे हात गल्लोगल्ली आहेत. वायरिंगचा नकाशा वाचून बिघाड शोधणारे थोडे आहेत, आणि गाड्यांत वीज दिवसेंदिवस वाढतेच आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींनी मीटर आणि स्कॅनर यांवर हात बसवला तर त्यांना कामासाठी दारोदार फिरावे लागणार नाही, काम त्यांच्या दारात येऊन उभे राहील.

येत्या रविवारी दहा मिनिटे काढावीत. बॉनेट उघडून टर्मिनल हलते का पाहावे, अर्थची पट्टी शोधावी, चावीचा जुडगा सोडवावा आणि मागच्या दाराचे लॉक मुलांना दाखवावे. पुढील खेपेस टायर आणि ब्रेक यांविषयी लिहू.